परदेशातल्या रक्तपातावर आपलं सरकार गप्प का बसतं, आणि आपण करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी सोलापुरात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाझावरून आम्ही मैत्रिणींनी सह्या गोळा केल्या, पूनम गेटला फलक धरून उभ्या राहिलो, खासदारांना टॅग करून पोस्टी टाकल्या. सरकारने चिंता व्यक्त केली आणि विषय संपला. वर्गातल्या एका मुलाचं बांगलादेशातल्या हिंदूंबद्दल अगदी हेच म्हणणं आहे. आता मी बातम्या बघायच्याच सोडून दिल्यात. सरकारला खरंच काही वाटत नाही का? आणि आमच्या ओरडण्याने काडीचा तरी फरक पडतो का?’

मी याच गावात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवत आयुष्य काढलं. वर्गाबाहेर मुलांना निवेदनं लिहून देणं, मोर्चाच्या परवानग्यांसाठी सोबत जाणं, खासदारांमार्फत संसदेत प्रश्न लावून घेणं ही कामंही करत आलो. त्यामुळे एकेरीतच लिहितो, सवय आहे.

दुसरा प्रश्न आधी घेतो. फरक पडतो, पण तुम्ही ओरडलात त्या जागी क्वचितच. पहिल्याबद्दल म्हणशील तर सरकारला काय वाटतं याचा शोध घेणं सोड. सरकार ठरवतं, आणि ठरवलेलं कुठेतरी नोंदलेलं असतं. ती नोंद न वाचता केलेला राग लवकर विझतो. तुझा विझला तसाच.

गाझाचंच घे. ‘भारत गप्प आहे’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की आता वर्गात ते कुणी म्हटलं की मी फळ्यावर तारखा लिहायला लागतो. २७ ऑक्टोबर २०२३: संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धविरामाचा ठराव, भारत तटस्थ. कारण काय दिलं, तर ठरावात ७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्याचा स्पष्ट निषेध नाही. तो निषेध घालावा म्हणून कॅनडाने सुचवलेल्या दुरुस्तीला भारताने मत दिलं होतं, ती दोन तृतीयांश मतांअभावी पडली. १२ डिसेंबर २०२३: पुन्हा युद्धविरामाचा ठराव, १५३ देश बाजूने, आणि त्यात भारतही. १८ सप्टेंबर २०२४: इस्रायलने बारा महिन्यांत व्याप्त प्रदेश सोडावा असा ठराव, भारत तटस्थ. डिसेंबर २०२४: तत्काळ, बिनशर्त, कायमचा युद्धविराम, भारत बाजूने. १२ जून २०२५: जवळपास तीच मागणी, १४९ देश बाजूने, भारत तटस्थ. १२ सप्टेंबर २०२५: द्विराष्ट्र तोडग्याची (म्हणजे इस्रायलशेजारी स्वतंत्र पॅलेस्टाइन) न्यूयॉर्क घोषणा, भारत बाजूने.

आता या यादीकडे नीट बघ. डिसेंबर २०२४ आणि जून २०२५ यांच्यामध्ये काय बदललं? गाझातली परिस्थिती तर सुधारली नव्हती. ‘संवाद आणि मुत्सद्देगिरीनेच प्रश्न सुटेल’ असं स्पष्टीकरण आपल्या प्रतिनिधींनी दिलं, पण ते डिसेंबरलाही तितकंच खरं असायला हवं होतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सरकारला घेरायची नेमकी जागा हीच आहे. ‘नरसंहारावर मौन का’ असं विचारलंस तर उत्तर येईल, ‘मौन कुठे आहे, आम्ही मदत पाठवली’. आणि ते खोटं नसेल. २२ ऑक्टोबर २०२३ ला साडेसहा टन औषधं आणि ३२ टन इतर साहित्य घेऊन विमान इजिप्तच्या अल-अरिशला गेलंच होतं. पण ‘सहा महिन्यांपूर्वी हो म्हणालात, आता तटस्थ का’ याला तयार उत्तर नाही.

बांगलादेशच्या बाबतीत तुझ्या वर्गमित्राची तक्रारही याच पद्धतीने तपासून बघ. जुलै २०२४ मध्ये ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या जात होत्या, तेव्हा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने ‘हा बांगलादेशाचा अंतर्गत मामला’ म्हणून हात झटकले. ५ ऑगस्टला पायउतार झालेल्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. त्यानंतर हिंदूंवरच्या हल्ल्यांबद्दल मंत्रालय वारंवार बोललं, ९ डिसेंबरला परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री स्वतः ढाक्याला गेले. म्हणजे तुझा मित्र म्हणतो तसं काहीच केलं नाही असं नाही. उलट प्रश्न असा विचारता येतो की जुलैमध्ये ‘अंतर्गत’ असलेली हिंसा ऑगस्टनंतर आपला विषय कशी झाली? आणि जुलैत आपण अळीमिळी गुपचिळी केली नसती, तर नंतर तिथल्या अल्पसंख्याकांसाठी टाकलेल्या शब्दाला तिथे थोडी अधिक किंमत मिळाली असती का? मला वाटतं, मिळाली असती. रस्त्यावर उतरलेल्या तिथल्या मुलांच्या मनात भारत कुणाच्या बाजूने होता हे त्याच महिन्यात पक्कं झालं.

तुम्हा दोघांची तक्रार एकच आहे, आणि तरी तुम्ही एका फलकाखाली उभे राहणार नाही, हे मला माहीत आहे. सोलापुरात हे मी बरीच वर्षं बघतोय. एका बाजूची मुलं दुसऱ्या बाजूच्या मुलांना ‘तेव्हा कुठे होतात’ विचारतात. खरं तर दोघंही सुदानच्या वेळी कुठेच नव्हते. एप्रिल २०२३ पासून तिथे युद्ध पेटलंय, लाखो लोक घरदार सोडून पळालेत, आणि या गावात त्यावर मी एकही फलक पाहिला नाही. ‘ऑपरेशन कावेरी’तून आपली माणसं परत आली आणि विषय बंद झाला. सरकार निवडून निवडून बोलतं म्हणून आपण चिडतो, आणि आपणही निवडूनच चिडतो. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. राजकारणात सगळे असंच करतात, आणि समोरचा अधिकारी किंवा खासदार हे ओळखून असतो, एवढंच लक्षात ठेव.

आता कारणांकडे येऊ. पुस्तकात ‘राष्ट्रहित’ लिहिलेलं असतं, त्याने कुणाचं समाधान होत नाही. गावात दोन घरांची मारामारी झाली तर सगळ्यात कमी कोण बोलतो? ज्याच्या बांधाला दोघांचे बांध लागलेत आणि ज्याचं पाणी दोघांच्या रानातून येतं, तो. भारताचं बहुतेक ठिकाणी तसं आहे. आखाती देशांत आपली नव्वद लाखांच्या आसपास माणसं आहेत. शस्त्रं रशियाकडूनही येतात आणि इस्रायलकडूनही. म्यानमारशी १६४३ किलोमीटरची सीमा आहे, आणि ईशान्येतल्या बंडखोरांचे तळ त्या सीमेपलीकडच्या जंगलात होते. त्यात आणखी एक कारण दिल्ली उघडपणे कधी सांगत नाही. दुसऱ्या देशाच्या अंतर्गत हिंसेवर संयुक्त राष्ट्रांनी ठराव करावेत ही प्रथा आपण डोक्यावर घेतली, तर उद्या तीच प्रथा काश्मीरच्या नावाने आपल्या दारात येईल. १९५४ च्या पंचशीलापासून (चीनशी झालेला, एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचा करार) ही भीती आपल्या परराष्ट्र धोरणाच्या हाडात आहे, पक्ष कुठलाही असो.

यातली काही कारणं मला पटतात, काही पटत नाहीत. मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्यात युक्रेनवरच्या ठरावात आपण तटस्थ राहिलो तेव्हा खार्किव आणि सुमीच्या तळघरांत आपली वैद्यकीय शिकणारी हजारो पोरं बसलेली होती. त्यांना बाहेर काढायला रशिया आणि युक्रेन दोघांनीही रस्ता द्यायला हवा होता. दगडाखाली हात सापडला असताना दगडाला लाथ मारायची नसते. ‘ऑपरेशन गंगा’तून साडेबावीस हजारांच्या आसपास लोक परत आले. पुढे एप्रिलमध्ये युक्रेनमधल्या बुचा शहरातल्या हत्या उघड झाल्या तेव्हा सुरक्षा परिषदेत भारताने निःसंदिग्ध निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीच्या मागणीला पाठिंबा दिला. तेव्हाही मतदानात तटस्थ राहून तोंडाने बोलता येतं हे दिसलं.

म्यानमारचं मात्र मला कधीच पटलं नाही. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली. २७ मार्चला त्यांचा सेना दिन होता. त्या एका दिवशी लष्कराने शंभरहून अधिक माणसं मारली, आणि त्याच दिवशीच्या संचलनाला ज्या आठ देशांचे प्रतिनिधी हजर होते त्यात भारत होता. सीमेवर शेजारी आहे, बोलणं तोडता येत नाही, सगळं मान्य. पण खुर्चीवर जाऊन बसणं कुणी सक्तीचं केलं होतं? जूनमध्ये आमसभेत ११९ देशांनी त्या लष्करशाहीविरुद्धच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं, ३६ तटस्थ राहिले आणि आपण त्या छत्तिसांत.

याच काळात मिझोरामने काय केलं ते बघ, कारण यावर मुलांचं लक्ष जात नाही. केंद्रीय गृह खात्याने १० मार्चला ईशान्येतल्या राज्यांना आणि आसाम रायफल्सला पत्र पाठवून सीमेवरून येणारे लोंढे रोखायला सांगितलं. मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना उलट पत्र लिहिलं: म्यानमारमधले हे चिन लोक आमच्या रक्ताचे आहेत, आम्ही डोळे मिटून बसू शकत नाही. गावोगावच्या चर्चनी, तरुणांच्या संघटनांनी शाळा आणि समाजमंदिरं उघडली. तीस हजारांहून अधिक लोकांना त्या छोट्या राज्याने सामावून घेतलं. त्यांनी दिल्लीची परवानगी मागत बसण्यात वेळ घालवला नाही, आणि दिल्लीनेही शेवटी त्या लोकांना सरसकट हाकललं नाही. परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरतं हे खरं, पण त्याची धार कुठे बोथट करायची हे कधी कधी चंफाईसारख्या सीमेवरच्या गावात ठरतं.

आता तुझ्या भ्रमनिरासाबद्दल. तो नवा नाही, आणि आत्ताच्या सरकारपुरताही नाही. १९५६ मध्ये ब्रिटन-फ्रान्सने सुएझवर हल्ला केला तेव्हा नेहरू कडाडून बोलले. त्याच आठवड्यांत सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या असं म्हणणाऱ्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिलं, कम्युनिस्ट गटाबरोबर. जयप्रकाश नारायण यांनी जाहीर टीका केली. तेव्हाच्या समाजवादी तरुणांना केवढा धक्का बसला असेल, विचार कर. ज्या माणसाला ते जगाचा सद्सद्विवेक मानत होते त्याचं हे मत! १९६८ मध्ये रशियन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि सुरक्षा परिषदेत भारत तटस्थ राहिला. त्या वेळी अशोक मेहता यांनी इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. परदेशातल्या रक्तपातावर आपलं सरकार पुरेसं बोललं नाही म्हणून मंत्रिपद सोडणारा माणूस त्यानंतर मला आठवत नाही. म्यानमारच्या बाबतीत १९८८ मध्ये भारत उघडपणे लोकशाहीवाद्यांच्या बाजूने होता. नव्वदच्या दशकात, नरसिंह रावांच्या काळात, तो लष्कराशी बोलू लागला आणि पुढच्या प्रत्येक सरकारने तेच चालू ठेवलं. तेव्हा पक्षाचा चष्मा काढूनच हे वाचावं लागतं.

मग दबाव कधी चालला? दोन उदाहरणं सांगतो. १९४६ मध्ये, स्वातंत्र्याआधीच, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. असं करणारा तो पहिला देश. मूल्यांसाठी पैशाचं नुकसान सोसलं म्हणून आपण ते अभिमानाने सांगतो आणि सांगावंही. पण निमित्त काय होतं? तिथल्या भारतीयांच्या जमिनीवर बंधनं घालणारा कायदा. आपल्या माणसांचा प्रश्न होता म्हणून सरकार हललं, आणि हलल्यावर ते तत्त्व पुढे जवळपास पन्नास वर्षं सगळ्या सरकारांनी पाळलं.

दुसरं उदाहरण तुझ्या पिढीच्या जवळचं आहे. मार्च २०१३ मध्ये चेन्नईच्या लोयोला कॉलेजच्या काही मुलांनी श्रीलंकेतल्या तमिळांच्या हत्यांवरून उपोषण सुरू केलं. आठवड्याभरात तमिळनाडूतली कॉलेजं बंद पडली. मुलांची मागणी एकाच मतदानावर येऊन ठेपली होती: जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत श्रीलंकेविरुद्ध मत द्या. १९ मार्चला द्रमुकने केंद्राचा पाठिंबा काढला, २१ मार्चला भारताने ठरावाच्या बाजूने मत दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात मनमोहन सिंग कोलंबोच्या राष्ट्रकुल परिषदेला गेले नाहीत. २०१४ मध्ये मात्र भारत तटस्थ राहिला, तोवर द्रमुक बाहेर होता आणि ठरावात आंतरराष्ट्रीय चौकशी आली होती. यातून शिकायचं असेल तर हे: मुलांनी तारीख असलेलं एक काम मागितलं, त्यांच्या मागे एका राज्याचा मतदार होता, आणि सरकार आघाडीचं होतं. तिन्ही जुळलं. तुमच्या बाबतीत यातलं पहिलंच तुमच्या हातात आहे, बाकीची दोन नाहीत. म्हणून अपेक्षा बेतात ठेव. पण पहिलंही तुम्ही केलं नव्हतं. पूनम गेटला तुमच्या फलकांवर काय होतं? ‘गाझा वाचवा’. ते कुणी करायचं होतं? कुठल्या तारखेपर्यंत?

सोलापुरात हा विषय निघाला की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघतंच. भैय्या चौकातलं त्यांचं घर, स्मारक तू पाहिलं असशील, नसशील तर जाऊन ये. १९१० चा जन्म. ते एकोणीस वर्षांचे असताना, मे १९३० मध्ये, याच गावावर इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. १९३८ मध्ये चीनवर जपानचं आक्रमण चालू असताना सेनापती झू द यांनी नेहरूंना डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा सुभाषबाबू होते. लोकांकडून सुमारे २२ हजार रुपये जमले आणि पाच डॉक्टर १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोटीने निघाले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. कोटणीस परतले नाहीत. बेथ्यून रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले.

भाषणात हे सगळं सांगून ‘तुम्हीही कोटणीस व्हा’ म्हणणारे बरेच भेटतील. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. १९३८ मध्ये भारताचं स्वतःचं सरकारच नव्हतं. निराश व्हायला समोर कुणी नव्हतं म्हणा ना! एका पक्षाने, शहरांतल्या लोकांनी, वैद्यकीय शिक्षण संपवलेल्या मुलांनी आपलं परराष्ट्र धोरण स्वतः चालवलं. स्वातंत्र्यानंतर ते काम आपण पूर्णपणे दिल्लीवर सोपवलं आणि मग दिल्लीने ते मनासारखं केलं नाही की रुसायला लागलो. आज व्हिसा, परवाने, युद्धक्षेत्रातले नियम यांमुळे पाच डॉक्टर असे सहज निघू शकत नाहीत, हे खरं. पण काहीच करता येत नाही हे खरं नाही. केरळात कन्नूर जिल्ह्यातली एक कंपनी इस्रायली पोलिसांचे गणवेश शिवत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने जाहीर केलं की शांतता होईपर्यंत नवीन ऑर्डर घेणार नाही. त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही. सोलापूर हे गणवेश शिवणारं, टॉवेल-चादरी बाहेर पाठवणारं गाव आहे. माल कुठे जातो, कुणासाठी जातो, हा प्रश्न इथल्या कारखानदारांना विचारायला काय हरकत आहे? मात्र त्या धंद्यावर ज्यांची चूल पेटते ती माणसंही आपलीच आहेत, तेव्हा आधी त्यांच्याशी बोल, मग फलक लिही.

आता कामाचं. पहिलं म्हणजे संसद. सोलापूर मतदारसंघातून २०२४ ला प्रणिती शिंदे निवडून आल्या, माढ्यातून धैर्यशील मोहिते पाटील, आणि बार्शीची असशील तर धाराशिवचे ओमराजे निंबाळकर. तिघंही विरोधी पक्षांचे, म्हणजे परराष्ट्र खात्याला अडचणीचा प्रश्न विचारायला त्यांना अडचण नसावी. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. रोज तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे) प्रश्न वीसच येतात आणि तेही चिठ्ठ्या काढून, म्हणून अतारांकित प्रश्नावर समाधान मान. त्याचं उत्तर लेखी येतं आणि कायम नोंदीत राहतं. टॅग केलेली पोस्ट खासदारांचा मदतनीसही वाचत नाही. तयार मसुदा असलेलं एक पानाचं पत्र मात्र वाचलं जातं, कारण त्यांचं काम हलकं होतं.

मसुदा कसा नसावा ते मुलांनी आणलेल्या एका कागदावरून सांगतो. त्यात होतं: ‘इस्रायलच्या क्रूर, रानटी राजवटीला आमचं सरकार पाठीशी का घालतं?’ हा प्रश्न सचिवालयातच बाद होतो. मित्रदेशाचा अनादराने उल्लेख करायचा नाही असा सभागृहाचा नियमच आहे, शिवाय प्रश्नात मतं आणि विशेषणं चालत नाहीत. आम्ही तो असा फिरवला: ‘(अ) १२ जून २०२५ रोजी आमसभेत गाझातील युद्धविरामाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला काय, (आ) असल्यास, डिसेंबर २०२४ मधील युद्धविरामाच्या ठरावाला पाठिंबा दिला असताना या भूमिकेची कारणे काय, (इ) ऑक्टोबर २०२३ पासून गाझासाठी पाठवलेल्या मदतीचा वर्षनिहाय तपशील काय?’ वाचायला कंटाळवाणं आहे. चालायला तेच चालतं. ‘कारणे काय’च्या उत्तरात तोंडाला पानं पुसली जातील, पण ती पुसलेली पानंसुद्धा छापील असतात आणि पुढच्या प्रश्नात त्यांचाच आधार घेता येतो. बांगलादेशचा प्रश्नही हुबेहूब याच साच्यात बसतो.

परराष्ट्र व्यवहारांची एक स्थायी समिती असते, सध्या शशी थरूर तिचे अध्यक्ष आहेत. मिस्री ढाक्याहून आले आणि दोन दिवसांत या समितीसमोर बसले होते. समितीचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर असतात. बातम्या बघायच्या सोडल्यास ते बरंच केलंस, तो वेळ यांना दे. वृत्तवाहिनीच्या अर्ध्या तासाच्या आरडाओरड्यापेक्षा एका अहवालात जास्त कळतं. आणि फोनवर आलेला बॉम्बफेकीचा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी थांब. सीरियातली जुनी दृश्यं, ‘आर्मा’ नावाच्या व्हिडिओ गेममधली दृश्यं गाझा-युक्रेन म्हणून आपल्या गावातही फिरली आहेत. एक खोटा व्हिडिओ सापडला की तुमचं खरं निवेदनही कुणी उघडत नाही.

रस्त्यावर उतरायचं असेल तर उतरा, मी नाही म्हणणार नाही. पण कायदा माहीत असू द्या. सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांचा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा जमावबंदी आदेश वारंवार लागू असतो, एका वेळी पंधरा दिवसांचा. त्या काळात परवानगीशिवाय पाच जण जमले तरी गुन्हा होऊ शकतो. अर्ज आधीच द्या: तारीख, वेळ, जागा, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक आहे की नाही, जबाबदार दोघांची नावं. आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. हे मी दरवेळी सांगतो आणि मुलं दरवेळी अर्ज टेबलावर ठेवून येतात, मग ‘अर्ज मिळालाच नाही’ ऐकून घेतात. नकार आला तर लेखी मागा. तोंडी नकाराला न्यायालयात काही अर्थ नसतो.

पुतळे जाळू नका. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत गाझा नसतो, पुतळा आणि पोलिसांची झटापट असते. आणि न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित असला तर पासपोर्ट नाकारता येतो, हे बाहेर शिकायला जायचं स्वप्न असलेल्या मैत्रिणींना आधी सांग. ठरवू दे त्यांचं त्यांना.

न्यायालयाकडूनही फार अपेक्षा ठेवू नको. जुलै २०२५ मध्ये गाझावरच्या आंदोलनाला पोलिसांनी परवानगी नाकारल्याविरुद्धची मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, आणि हजारो मैलांवरचं सोडून आपल्या देशातले कचऱ्या-पुराचे प्रश्न बघा, अशा अर्थाचं सुनावलं. मला ते बोलणं मुळीच पटलं नाही. दक्षिण आफ्रिकाही हजारो मैलांवरच होती. पण पुढचं बघ: पुन्हा अर्ज झाला, ऑगस्टमध्ये पोलिसांनी परवानगी दिली आणि आझाद मैदानावर सभा झालीही.

माझ्या मनातला सगळ्यात मोठा मुद्दा शेवटाकडे आला, कारण त्याला फलक चांगले होत नाहीत. भारतात निर्वासितांसाठी कायदाच नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर आपण सही केलेली नाही. तिबेटी, श्रीलंकन तमिळ, चिन, रोहिंग्या, अफगाण, प्रत्येकाला वेगळा न्याय, आणि तो त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर. १९७१ मध्ये जवळपास एक कोटी माणसं आपण सामावून घेतली तीही कायद्याशिवाय. २०१५ मध्ये थरूर यांनी आश्रयासंबंधी खासगी विधेयक आणलं होतं, ते पुढे गेलं नाही. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ सप्टेंबरपासून लागू झाला, त्यातही निर्वासित अशी वेगळी व्याख्या नाही. न्यूयॉर्कमधलं मत तुम्ही सोलापुरातून बदलू शकाल याची मला फारशी आशा नाही. पण पळून आपल्या दारात आलेल्या माणसाला कुठल्या नियमाने वागवायचं हा आपल्याच संसदेचा विषय आहे. त्यावर गावातल्या खासदाराला जाब विचारता येतो. आणि गाझावाली व बांगलादेशवाला ज्यावर एकत्र सही करू शकतील असा मला माहीत असलेला हा एकमेव कागद आहे.

माहिती अधिकाराचं विचारशीलच, म्हणून लिहून टाकतो. परराष्ट्र मंत्रालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. पण कलम ८(१)(अ) नुसार परदेशाशी असलेल्या संबंधांना बाधा आणणारी माहिती ते नाकारू शकतात, आणि ‘का’ विचारलंस की हमखास हेच कलम पुढे येतं. म्हणून अर्जात ‘का’ लिहू नको. किती टन, किती रुपये, कोणत्या तारखेला, कोणत्या संस्थेमार्फत, एवढंच विचार. पॅलेस्टिनी निर्वासितांच्या मदतसंस्थेला भारत वर्षाला पन्नास लाख डॉलर देत आला आहे. त्यातला कोणता हप्ता कधी गेला, हे विचारायला कुठलंही कलम आड येत नाही. उत्तर अपुरं आलं तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील, तेही ऑनलाइनच आणि त्याला शुल्क नाही.